पांढऱ्या देठांची भाजी

प्रमोदिनीने पहिला गड्डा मुळाशी घट्ट धरला, खुरप्याने कचकन कापला आणि उलटा करून झटकला. पानांच्या बेचक्यात साचलेलं दव तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पांढरेशुभ्र, रुंद देठ, नख लावलं तर पाणी यावं इतके रसरशीत. तिने गड्डा टोपलीत ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला. कॅलेंडरवरची भोगी उद्या होती, पण कारखान्याला सुट्टी रविवारची, म्हणून मराठी मंडळाची भोगी आज. बंगळूरचा जानेवारीतला गारठा अंगात शिरत होता. एरवी असल्या थंडीत ठणकणारा तिचा उजवा पाय आज मात्र गप्प होता.

मधुकर मागच्या दारात चहाचा पेला धरून उभा होता.

"अगं, अजून वेळ आहे," तो म्हणाला. "मी मंडईतून पालक आणून देतो. सायकलने गेलो तर अर्ध्या तासात येईन."

"कशाला? ही काय वाईट आहे?"

"माझ्या बढतीचा कागद विश्वासरावांच्या टेबलावर आहे, प्रमोदिनी. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि तिसरा गड्डा कापला.

चहा तसाच घेऊन तो आत गेला. मधुकर वाईट माणूस नव्हता. भांडण दिसलं की वाट बदलणारा होता, एवढंच. लढाईच्या सालच्या त्या रविवारीही तो असाच पेला घेऊन याच दारात उभा राहिला होता आणि हे ती विसरली नव्हती. पण नवऱ्यावर राग काढायला बायकोला सगळा जन्म पडलेला असतो. विश्वासरावांसाठी तिच्याकडे आजचा एकच दिवस होता.

या रागाची गोष्ट तिच्या पायापासून सुरू होते. लहानपणी तापात उजवा पाय आखडला तो दीड इंच तोकडाच राहिला. लग्न करून ती सांगलीहून राजाजीनगरातल्या या कारखान्याच्या वसाहतीत आली आणि पहिली काही वर्षं पाय ओढतच चालली. मग कुणीतरी कँटोन्मेंटातल्या एका चिनी बूटवाल्याचं नाव सांगितलं. त्या म्हाताऱ्या लीने तिचं पाऊल कागदावर उतरवून घेतलं, बुचाचे थर एकावर एक चिकटवून उजव्या चपलेचा तळ उंच केला, आणि ती चप्पल घालून प्रमोदिनी दुकानाच्या पायऱ्या उतरली ती कळत्या वयात पहिल्यांदा न लंगडता. त्या दिवशी घरी येऊन ती मोरीत बसून रडली होती.

लीची बायको दुकानामागच्या हातभर जागेत भाजी लावायची. प्रमोदिनीचं कानडी मोडकं, लीबाईचं त्याहून मोडकं, पण दोघींचं जमलं. एकदा लीबाईने बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डबीत मोहरीसारखं बी घालून दिलं. "बाक चॉय," ती म्हणाली आणि उरलेलं सगळं हातांनी दाखवलं. उथळ पेरायचं. वीतभर अंतर सोडायचं. पाणी कमी पडू द्यायचं नाही, नाहीतर भाजी रुसते आणि वेळेआधीच फुलावर येते. प्रमोदिनीने घरामागे वाफा केला. दीड महिन्यात भाजी उभी राहिली, पालकापेक्षा गोड आणि कोबीपेक्षा हलकी. वसाहतीतल्या बायका येऊन बघून जायच्या, कुणी पदरात चार पानं घेऊनही जायच्या.

मग बासष्ट साल आलं. सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली. एके दिवशी लीच्या दुकानाला कुलूप दिसलं. ते कुठे गेले ते शेजारच्या शिंप्यालाही सांगता आलं नाही. आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी विश्वासराव पंचवीस-तीस माणसं घेऊन तिच्या परसात शिरले.

विश्वासराव म्हणजे मधुकरचे साहेब आणि मराठी मंडळाचे अध्यक्ष. तीन पिढ्या बंगळुरात काढलेलं घराणं, भारदस्त अंग आणि भाषणाचा आवाज. ते तेव्हा थेट संरक्षण निधीच्या सभेतून आले होते. तिथे त्यांनी व्यासपीठावर आपल्या बायकोला, अंबुबाईला, बोलावून घेतलं होतं आणि तिच्या आईने दिलेल्या पाटल्या सगळ्यांदेखत तिच्या हातातून उतरवून ताटात टाकल्या होत्या. तिला आधी विचारलं नव्हतं. टाळ्या मात्र खूप पडल्या होत्या आणि त्या टाळ्यांची ऊब अजून त्यांच्या अंगात होती.

"वहिनी, तिकडे आपली पोरं मरताहेत आणि तुम्ही इथे चिन्यांची भाजी पिकवताय?"

"भाजीला काय कळतंय हो, विश्वासराव?" प्रमोदिनी म्हणाली होती.

त्यांनी खाली पाहिलं. तिच्या उजव्या पायातल्या उंच तळाच्या चपलेकडे पाहिलं, अगदी सावकाश, सगळ्यांची नजर तिकडे जाईपर्यंत.

"पायात चिनी, परसात चिनी," ते म्हणाले. "उद्या घरात कोण?"

आणि माणसं हसली. शेजारचा रत्नाकर हसला. ज्यांनी भाजी नेली होती त्या बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. विश्वासरावांनी वाकून आपल्या हातांनी सबंध वाफा उपटला. त्यांचा शिपाई नागोजी पोतं घेऊन उभाच होता. त्यात सगळे गड्डे कोंबून त्याने ते डोक्यावर घेतलं. पुढे सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली केलेल्या भाषणात विश्वासरावांनी सांगितलं की ती भाजी त्यांनी स्वतःच्या हाताने रॉकेल ओतून जाळली. पुन्हा टाळ्या. प्रमोदिनी शेवटच्या रांगेत उभी होती. भाजीचं ती एक वेळ विसरली असती, पण ते हसणं तिच्या कानातून गेलं नाही.

धुण्याच्या दगडामागे, मोरीचं पाणी जायचं तिथे, दोन रोपं राहून गेली होती. ती कुणाला दिसली नाहीत. फेब्रुवारीत त्यांना पिवळी फुलं आली, मग शेंगा धरल्या. प्रमोदिनीने त्या वाळवल्या, चोळल्या, आणि बी त्याच पॉलिशच्या डबीत भरून ठेवलं. उन्हाळ्यात चपलेचं बूच झिजलं. राजाजीनगरातल्या एकाने खिळे ठोकून दिले, दुसऱ्याने टायरचा तुकडा लावला, कशाचाच उपयोग झाला नाही. ती पुन्हा लंगडू लागली. पाय टेकला की कळ यायची आणि कळ आली की विश्वासराव आठवायचे. चूल ते मोरी, मोरी ते विहीर, महिनोन्महिने हे असंच चाललं.

मंडळाची भोगी दर साली एकेका घरी असते. लढाईच्या साली ती झालीच नाही. यंदा यादीत मधुकरचं नाव आलं आणि प्रमोदिनीने त्याच दिवशी डबी उघडली. अवऱ्याच्या शेंगांच्या वेलमांडवाआड, रस्त्यावरून दिसणार नाही असा वाफा केला. दोन वेळ पाणी घालताना ती मनातल्या मनात एक वाक्य घोटायची. विश्वासराव भाजी खातील. त्यांना आवडेल, आवडलीच पाहिजे. ते दुसऱ्यांदा मागतील. आणि मग, भरल्या पंगतीत, त्याच तीस माणसांसमोर, पळी हातात धरून ती म्हणेल, 'हीच ती, विश्वासराव. चिन्यांची. तुमच्या हातून जळली नाही ती.' मग बघू कोण हसतं. पुढे मधुकरच्या कागदाचं काय व्हायचं ते होवो. तेही तिने विचार करून ठरवलं होतं, आणि ठरवताना तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

नऊ वाजता बायका मदतीला जमल्या. बाजरीच्या भाकऱ्या, लोणी, वांगं-गाजर-अवऱ्याची भोगीची भाजी, तिळाची चटणी, मुगाची खिचडी. भांडी घासायला येणारी गंगव्वा टोपलीपाशी येऊन वाकली.

"अक्का, हे कसलं सोप्पु हो?"

"पालक आहे. बेळगावी."

"बेळगावी?" गंगव्वाने एक पान उचलून नाकाशी धरलं. "आमी खानापूरचे की वो. आमच्याकडं असलं सोप्पु म्या जल्मात बघितलं न्हाई."

बायका हसल्या. खोटं बोलायला गाव निवडलं तेही गंगव्वाच्या जिल्ह्यातलं, म्हणून प्रमोदिनीला स्वतःचाच राग आला. "तुझ्या खानापुरात नसेल," ती म्हणाली आणि विळी पुढे ओढली.

तेवढ्यात अंबुबाई आली. सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेली, चार माणसांत जिचा आवाज कुणी ऐकला नाही अशी बाई. मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या, त्याही सैल. ती प्रमोदिनीजवळ पाटावर टेकली. टोपलीतला एक गड्डा तिने उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि एक देठ अलगद मोडला. बराच वेळ ती मोडलेल्या जागेकडे बघत राहिली.

"पालक म्हणालीस न्हवं?" तिने हळूच विचारलं.

"हो. जरा वेगळ्या जातीचा."

"देठं येगळी ठेव. पाला आधी घाल, देठं स्वल्प मागनं. आधी घातलीस तर पार गाळ होतो बघ."

एवढं सांगून ती वांगी चिरायला दुसरीकडे गेली. प्रमोदिनीने देठ वेगळे काढले. सल्ला शहाण्या सुगरणीचा होता, तेव्हा ऐकला. तो कुठून आला हा विचार तिच्या मनात आला नाही, कारण त्याच वेळी पुढच्या ओसरीवर विश्वासरावांचं खाकरणं ऐकू आलं आणि तिचं सगळं लक्ष तिकडे गेलं. तिने हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे शिजवून घेतले, पाला घातला, पीठ लावलं, चिंचगूळ घातला, आणि अगदी शेवटी देठांच्या फोडी टाकून पातेलं उतरवलं. चव बघितली. ती उत्तम झाली होती. तिने फडक्याने पातेल्याची कड पुसून घेतली.

पहिली पंगत पुरुषांची. ओसरीवर समोरासमोर दोन ओळी, पुढ्यात केळीची पानं. मधोमध विश्वासराव, त्यांच्या एका हाताला रत्नाकर, समोर मधुकर. नागोजी पाण्याची कळशी घेऊन पंगतीच्या टोकाला उभा होता. अंबुबाई लोण्याचं भांडं घेऊन वाढत होती. प्रमोदिनीने पातळभाजीचं पातेलं स्वतःकडेच ठेवलं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

विश्वासरावांनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तोंडात टाकला. मग नुसती भाजी खाल्ली. मग एक फोड शोधून काढली आणि चावली.

"वा! वहिनी, ही पातळभाजी कसली म्हणायची?"

मधुकरचा घास हातातच राहिला.

"घरचा पालक आहे साहेब," रत्नाकर म्हणाला. "बेळगावी म्हणे."

"सरी, सरी, बरोबर. म्हणूनच म्हटलं, बाजारात असलं मिळत नाही. आमच्या घरी पालक म्हणजे नुसता चिखल." ते मोठ्याने हसले आणि दोन्ही ओळी त्यांच्याबरोबर हसल्या. तेच हसणं, त्याच माणसांचं. प्रमोदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती आणि तिला मनातून बरं वाटत होतं. हसा, ती म्हणत होती, पोटभर हसून घ्या.

विश्वासरावांच्या पानावरची भाजी संपली. त्यांनी बोटाने पानाची कड निपटली आणि दाराकडे पाहिलं.

"आणा वहिनी. आणखी वाढा. संकोच कसला!"

प्रमोदिनी निघाली. पातेलं कमरेवर, पळी हातात, एक पाय उंच एक पाय खाली. दोन ओळींच्या मधून चालताना तिला कुणाचे चेहरे दिसले नाहीत, फक्त पानं दिसली. मधुकरसमोरून जाताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. विश्वासरावांपुढे ती थांबली. घोटून ठेवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. तिने श्वास घेतला.

"लढाईच्या सालीबी तुम्ही दोनदा मागून घेतली होती."

आवाज तिचा नव्हता. ओळीच्या टोकाला अंबुबाई लोण्याचं भांडं धरून उभी होती. ती मोठ्याने बोलली नव्हती, पण चारचौघांत तिला बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"काय म्हणालीस?" विश्वासराव म्हणाले.

"हीच भाजी. पांढऱ्या देठांची. त्या आयतवारी नागोजीनं पोतं आणून सैंपाकघरात टाकलं. टाकून कशाला द्यायची, कर म्हणालात. मीच चिरली." ती एका दमात बोलली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. "मला ठावं न्हवतं, देठं आधी घातली, गाळ झाला. तरी तुम्ही दोनदा मागून घेतली. चार दिस पुरली ती आपल्याला."

नागोजी कळशीतल्या पाण्याकडे बघू लागला. विश्वासरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पानाकडे.

"अगं, काहीतरीच काय! ती तर मी..."

समोरच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "मग रॉकेल कशावर ओतलंत?" रत्नाकरने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलू लागले. त्याच्या शेजारचाही हलू लागला. मोठ्याने कुणी हसलं नाही, साहेब होते. पण हसू एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकत गेलं आणि मधुकरपर्यंत येऊन थांबलं. मधुकर हसत नव्हता. तो बायकोकडे बघत होता.

प्रमोदिनीला क्षणभर वाटलं, आपल्या हातचं कुणीतरी हिसकावून घेतलं. दोन वेळ पाणी घालून वाढवलेलं वाक्य तसंच राहिलं होतं, आणि आता त्याला काही अर्थ उरला नव्हता. तिचा राग थेट अंबुबाईकडे वळला. मग तिने अंबुबाईचे हात पाहिले. लोण्याचं भांडं जराही हलत नव्हतं. सकाळी देठ मोडून बघत बसलेली ही बाई सगळं ओळखून होती. भाजी ओळखली होती आणि ती कशासाठी शिजते आहे तेही. प्रमोदिनीच्या तोंडून हे बोलणं गेलं असतं तर उद्या मधुकरचा कागद टेबलावरून खाली गेला असता. आता विश्वासरावांना रागवायला घरचंच माणूस होतं. पंगत उठेल, सगळे आपापल्या घरी जातील, आणि अंबुबाईला त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी जायचं होतं. हे तिलाही ठाऊक असणार.

अंबुबाईने भांडं डाव्या हातात घेतलं आणि उजव्या मनगटावरच्या सैल बांगड्या वर सारल्या.

"वाढ की, प्रमोदिनी," ती म्हणाली. "मागितलीया न्हवं त्यांनी."

प्रमोदिनीने पळी पातेल्यात खोल घातली. तळाशी बसलेले देठ वर काढले, चांगले निवडून, आणि विश्वासरावांच्या पानावर वाढले. एक पळी, मग आणखी एक. पान टाकून उठावं तर यजमानाचा अपमान, आणि तोही सगळ्यांदेखत. भाजी पानावर पसरून भाकरीपर्यंत गेली. अठ्ठावीस-तीस माणसांनी आपापले घास थांबवले होते.

विश्वासरावांनी एक फोड उचलली आणि तोंडात घातली. ती देठाची होती. त्यांनी चावली तेव्हा तिचा करकर आवाज ओसरीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला.